सात सेकंदांची गोगलगाय

तुम्ही मला पाहिलेलं आहे, पण आपली ओळख झालेली नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी तुम्ही अजून खुर्चीत नीट बसत असता, कुणाच्या तरी पायावर पाय देत असता, शेजारच्याला 'फोन बंद केलास का?' असं विचारत असता. तेव्हा पडद्यावर डावीकडून एक गोगलगाय येते. तिच्या मागे ओली, चकचकीत रेघ उमटत जाते. ती रेघ म्हणजे शिरोरेघ. त्या रेघेखाली एकेक अक्षर लोंबायला लागतं: गो, ग, ल, गा, य. मग गोगलगाय थांबते, शिंगं वर करते आणि सिनेमा सुरू होतो.

ती मी. एका ॲनिमेशन स्टुडिओचा लोगो. माझं आयुष्य सात सेकंदांचं, हल्ली तर दोनच, पण ते मी हजारो वेळा जगले आहे. जिथे मला कुणी काढतं, छापतं किंवा दाखवतं, तिथे मी असते. त्यामुळे माणसांचं पुष्कळ काही माझ्यासमोर घडतं. माणसाला आपली चूक एकट्याने आठवून लाज वाटते. मला मात्र माझी लाज दर खेळाला, भरल्या थिएटरात, चालून दाखवावी लागते.

आज ती एकदा बोलून टाकते.

माझा जन्म एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत झाला. खाली यंत्र सुरू झालं की वरची टेबलं थरथरायची, म्हणून बारीक रेघेचं सगळं काम छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत उरकावं लागे. टेबलं काचेची, काचेखाली दिवे. एका कागदावर दुसरा ठेवला की खालचं चित्र वर दिसायचं, आणि त्याच्या अंदाजाने पुढचं काढायचं. एका सेकंदाला बारा चित्रं. दिवसभर मान खाली घालून बसलं तर दोन-तीन सेकंदं तयार व्हायची.

स्टुडिओ काढला दादांनी. दादा मुख्य चित्रं काढायचे. म्हणजे असं बघा, एखाद्याचा हात खालून वर जायचा असेल, तर हात खाली असलेलं एक आणि हात वर असलेलं एक, अशी दोन मुख्य चित्रं. त्या दोहोंच्या मधे हात सरकत जाताना जी चित्रं लागतात, ती मधली. ती काढणारी एक बाई होती, तिला सगळे 'मधली'च म्हणायचे.

"माहेरी मी थोरली, सासरी धाकटी आणि इथे मधली," ती म्हणायची. "एका जन्मात तिन्ही झाले. आता कुणी एकुलती म्हणेना, तेवढंच राहिलंय."

तिसरे कॅमेरावाले काका. काढलेली चित्रं कॅमेऱ्याखाली एकेक ठेवून ती टिपायचं काम त्यांचं. स्टुडिओला नावही त्यांच्याच तोंडून मिळालं. पहिला सिनेमा मागवणारे लोक सारखे फोन करायचे, "झालं का? झालं का?" एकदा काका वैतागून म्हणाले, "त्यांना सांगा, गोगलगाय निघालीय, पोचेल."

दादांनी पेन्सिल खाली ठेवली. "हेच नाव. गोगलगाय."

"लोक म्हणतील, गोगलगाय नि पोटात पाय."

"मग? तिचे पाय पोटातच असतात. त्यात खोटं काय आहे?"

तेव्हाचे दादा मला आठवतात. संध्याकाळी सगळ्यांचे ब्रश ते स्वतः धुवायचे. कुणाचा डबा आला नाही तर आपला अर्धा पुढे करायचे. पहिल्या सिनेमाची श्रेयनामावली करायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "नावं नकोत. कुणाचं आधी, कुणाचं मागून, कुणाचं मोठ्या अक्षरात, ही भांडणं आपल्याकडे नकोत. 'दादा आणि मंडळी', बस."

काका म्हणाले, "मग नुसतं 'मंडळी' घाला की."

"नुसतं मंडळी म्हणजे कुठली मंडळी? काहीतरी पत्ता हवा ना!"

सगळे हसले. सगळ्यांना पटलं. सगळ्यात जोरात टाळी मधलीने वाजवली होती. पुढे जे झालं त्यात फसवणूक कुठे सुरू झाली, हे शोधायला गेलं की मी या टाळीपाशी येते आणि अडते. कारण त्या दिवशी कुणाच्याही मनात खोट नव्हती.

मग मला काढायचं ठरलं. सहा सेकंदांची गोगलगाय. दादांनी सात मुख्य चित्रं काढली आणि बाजूला लिहून ठेवलं की कुठल्या दोहोंच्या मधे किती चित्रं घालायची. दादांना एक सवय होती. लिहायच्या आधी पेन्सिलीचं टोक बघायला ते कागदावर एक छोटी गाठ काढायचे. त्या दिवशी ती गाठ नेमकी चारच्या डाव्या अंगाला पडली. मधलीने वाचलं, चौदा.

चार चित्रांच्या जागी चौदा घातली तर गोगलगाय त्या ठिकाणी जवळजवळ थांबणार. मधली विचारात पडली. मी अजून नीट जन्मले नव्हते, नुसती निळ्या पेन्सिलीची पुसट रेघ होते, पण तिचा विचार मला ऐकू येत होता. चालता चालता कुणी उगाच कसं थांबेल? काहीतरी मागे राहिलंय असं वाटलं तर थांबेल. म्हणून तिने माझी मान वळवली. 'ल' लिहून झाल्यावर मी थांबते, मागे वळून आपण काय लिहिलंय ते पाहते, आणि मग पुढे निघते. ती दहा जास्तीची चित्रं सर्वस्वी तिची. कुणी सांगितली नव्हती, कुणी सुचवली नव्हती.

पडद्यावर पाहिल्याबरोबर दादा ओरडले, "हे काय? मी चार म्हटलं होतं!"

"चौदा लिहिलंय."

"कुठेय चौदा?"

सगळे कागदावर वाकले. "अगं, हा एक नाही! पेन्सिल बघितली मी!"

काका खुर्चीवर मागे रेलून हसत होते. "दादा, बरोबर आहे तिचं. 'गोगल'पर्यंत लिहून तिला शंका आली, आपण चष्म्याचं दुकान तर नाही ना काढलं!"

दादांनी पुन्हा चालवून बघितलं. आणखी एकदा बघितलं. मग म्हणाले, "राहू दे गं. सहाची सात झाली तर झाली." अशी मी झाले. एक शिंग दुसऱ्यापेक्षा जरा लांब, पाठीवरचा शंख किंचित थरथरता, कारण सुट्टी संपून खाली यंत्र सुरू झालं होतं.

सिनेमा चालला. आणि मग एक माणूस माइक घेऊन स्टुडिओत आला. दादांच्या मागे भिंतीवर मी फिरत होते. त्याने विचारलं, "ही गोगलगाय मधेच मागे वळून का बघते?"

"ते असं झालं..." दादांनी सुरुवात केली. खरंच केली होती. पण माइक पुढे होता, माणसाचे डोळे मोठे झाले होते. दादा म्हणाले, "पुढे जाताना कलावंताने आपण काय लिहिलं ते एकदा वळून पाहावं."

दुसऱ्या दिवशी मंडळींनी दादांची खेचली. मधली म्हणाली, "दादा, माझी चूक काय सुरेख बोलायला लागली हो!" दादाही लाजून हसले. पुढच्या मुलाखतीत ते वाक्य थोडं लांबलं. त्याच्या पुढच्या वेळी त्यात दादांच्या आजोबांची आठवण आली. पुढे कधीतरी मंडळींनी हसणं बंद केलं, आणि नेमकं कधी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इथे मला माझ्याबद्दल सांगायचं आहे. मला ते आवडलं. दुसऱ्या सिनेमाला माझी रेघ सोनेरी झाली. माझ्यामागे व्हायोलिनं वाजायला लागली, लांब शिंग कापून सारखं केलं गेलं. चुकीच्या पोटी जन्मण्यापेक्षा विचाराच्या पोटी जन्मलेलं कुणाला नको असतं? लोक मला पाहून गप्प व्हायचे, आणि मी ऐटीत मागे वळायचे. खाली 'दादा आणि मंडळी' अशी पाटी यायची. मुलाखती दादांच्या, हार दादांना, व्यासपीठावर दादा. मंडळी प्रेक्षकांत. तरीही मंडळी म्हणजे आपणच, असं मधली बरीच वर्षं मानत होती.

मग संगणक आला. मला आता कागदावर जन्मायचं नव्हतं. एक तरुण कलाकार नेमला गेला, त्याला सगळे 'चष्मा' म्हणत. त्याने माझ्या शंखावर खिडकीचं प्रतिबिंब पाडलं, अंगावर ओलावा चढवला. सगळं जमलं, मान जमेना. वळली की फिरकीच्या झाकणासारखी वळायची. शेवटी मधलीला एका दुपारपुरतं बोलावलं. तोवर तिला कामावर बोलावणं थांबलंच होतं. काचेची टेबलं जिन्यापाशी गेली होती, आणि तिच्या टेबलावर कुणीतरी कुंडी ठेवली होती. येताना तिने ती कुंडी उचलली, टेबल पदराने पुसलं, आणि कुंडी परत होती तिथे ठेवली.

"मान आधी वळत नाही रे," ती चष्म्याला म्हणाली. "आधी डोळ्याला आठवतं. मग शिंग. मग मान. आणि शंख सगळ्यांत शेवटी, नाइलाज झाल्यासारखा." तिने स्वतःची मान वळवून दाखवली.

"एकदा परत करा ना, ताई."

तिने परत केलं. चष्म्याने ते फोनवर टिपलं. तीन दिवसांत माझी मान हुबेहूब तिच्यासारखी वळायला लागली. पाटी तीच राहिली, दादा आणि मंडळी. चष्मासुद्धा आता त्या मंडळींत गडप झाला होता.

त्या वर्षी एका महोत्सवात आमचा पहिला सिनेमा दाखवला. चकचकीत नवी मी सुरुवातीला येऊन गेले, आणि मग जुन्या फितीवर जुनी मी आले: धूळ, केस, ओरखडे, थरथरणारा शंख, एक शिंग लांब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेच्या फाटकाशी आई दिसली की मैत्रिणींच्या आड लपणारी मुलगी असते ना, तशी मी झाले. थिएटर अंधारं होतं म्हणून बरं. ज्या हाताने मला मान दिली, त्या हाताच्या थरथरीची मला लाज वाटली. आज मला त्या लाजेची लाज वाटते, आणि ही दुसरी लाज पुसायला रबर नाही.

पुढे दादांची मुलगी स्टुडिओ बघायला लागली. वयाने चाळिशीकडे आली तरी सगळे तिला 'छोटी'च म्हणतात. हुशार आहे, घाईची आहे. तिने आकडे मांडले, लोक आता फोनवर बघतात, सात सेकंदं कुणी थांबत नाही. तिने मला सपाट केलं. नुसता एक गोल, दोन शिंगं, दोन सेकंदं. मान वळणं गेलं. दादा थोडे कुरकुरले, पण छोटी म्हणाली, "बाबा, मागे वळून बघायला लोकांना वेळ नाहीये." त्यांनी मान डोलावली. माझं चौथं रूप हे असं, मान नसलेलं.

मधली तोवर दुकानांच्या पाट्या रंगवत होती. तेही काम छापील फलकांनी खाल्लं. मग तिला कळलं, चित्रकलेच्या एका शाळेत ॲनिमेशन शिकवायला माणूस हवं आहे. वयाची अट नाही, पण केलेलं काम दाखवावं लागेल. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी मनापासून हवं होतं. पाट्या तिने पोटासाठी रंगवल्या. शिकवायचं होतं ते वेगळ्या भुकेपोटी. हात आता कापायला लागला होता, आणि त्या हातातलं कुठेतरी ओतून मोकळं व्हायचं होतं.

मुलाखतीत प्राचार्यबाईंनी विचारलं, "तुमचं काम बघू."

तिच्याकडे काय असणार? सगळं मंडळींत गेलेलं. तिने कोरे कागद मागितले आणि त्यांच्यासमोर बसून मला काढलं. मागे वळणारी दहा चित्रं. मग कागदांचा गठ्ठा अंगठ्याने सोडत फिरवून दाखवला. कितीतरी वर्षांनी माझी मान पुन्हा तिच्या हाताने वळली. मला वाटलं, आता तरी.

प्राचार्यबाई कौतुकाने म्हणाल्या, "अरे वा, हा तर दादांचा लोगो! नक्कल अगदी हुबेहूब जमलीये तुम्हाला."

"नक्कल नाही बाई. माझंच आहे हे. चारच्या जागी चौदा वाचलं होतं मी..."

तिने सगळी गोष्ट सांगितली. शेजारचे शिक्षक हसले. "पण दादांनी तर सांगितलंय ना, कलावंताने आपण काय लिहिलं ते..."

"माहितीय मला," मधली म्हणाली. "पहिल्यांदा ते ऐकून मीच हसले होते."

प्राचार्यबाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तुमचं खरंही असेल. स्टुडिओकडून दोन ओळींचं पत्र आणा. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते मी." मधली गेल्यावर ती दहा चित्रं टेबलावर राहिली. कुणीतरी त्यांच्या पाठीवर टिपणं लिहिली. मी कागदाच्या दुसऱ्या अंगाला पालथी पडून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत आली. स्वागतकक्षात मोठ्या पडद्यावर मी दर मिनिटाला येऊन जात होते. ती समोरच्या सोफ्यावर पाऊण तास बसली. दर वेळी मी आले, सरळ गेले, मागे वळले नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जरा वेळाने खिडकीकडे तोंड केलं. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला पाचच अक्षरं येतात, आणि त्या पाचांत खरं बोलायची सोय नाही.

दादा बाहेर आले. "अगं मधले! किती वर्षांनी! काय घेतेस?"

"काही नको, दादा. दोन ओळी हव्यात. ती मागे वळते तेवढी दहा चित्रं माझी, एवढंच लिहून द्या. मला शिकवायची नोकरी मिळतेय."

दादांचा चेहरा पडला. "अगं, आपल्याकडे कुणाचं काय असं कधी वेगळं काढलंय का? एकाला दिलं की सगळ्या मंडळींना द्यावं लागेल. तूच तर टाळी वाजवली होतीस."

"वाजवली होती. तेव्हा आपण सगळे एकाच खोलीत बसत होतो." ती उभी राहिली. "दादा, मुलाखती तुम्ही देता तेव्हा मंडळी कुठे असतात हो?"

स्वागतकक्षातली मुलगी उगाच फोन उचलून बोलायला लागली.

"आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता," मधली म्हणाली, "पण तुम्ही तर नागोबा नव्हतात, दादा. तुम्ही आमचे ब्रश धुवायचात." आणि ती निघून गेली.

त्याच आठवड्यात स्टुडिओला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम होता. 'आमचा लोगो: चार रूपं, एक प्रवास.' पडद्यावर मला ओळीने चालवलं. पहिली मी आले, थरथरत, 'ल'पाशी थांबले, मागे वळले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा माइकपाशी गेले. त्यांना ते वाक्य तोंडपाठ होतं. "कलावंताने..." ते म्हणाले, थांबले, पाण्याचा घोट घेतला, आणि पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाले. आजोबांसकट. मी त्यांच्या मागे तीन पुरुष उंचीची उभी होते. तोंड लपवायला जागा नव्हती. लोगोला तोंड लपवता येत नाही, तेवढंच तर त्याचं काम असतं.

पहिल्या रांगेत बसलेल्या छोटीने ते थांबणं पाहिलं होतं. स्वागतकक्षातलं बोलणंही तिच्या कानावर गेलं होतं. घरी जाताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, मधली मावशी खोटं बोलते का?" दादा म्हणाले, "नाही." एवढंच. छोटीच्या मांडीवर कार्यक्रमपत्रिका होती, तिच्यावर मी होते.

दोन दिवसांनी छोटी स्वतः मधलीच्या घरी पत्र घेऊन गेली. कागदाच्या डोक्यावर मी छापलेली. मधलीने चष्मा लावून वाचलं: 'लोगोच्या निर्मितीत यांचे मोलाचे सहकार्य लाभले.'

"हे कुणी लिहिलं?"

"मी, मावशी. बाबांना विचारूनच. सही व्हायचीय अजून."

"सहकार्य," मधली म्हणाली. "म्हणजे पाणी आणून दिलं मी, नाही का?" तिने पेन्सिल घेतली, ती अख्खी ओळ खोडली, वर लिहिलं: 'मागे वळण्याची दहा चित्रे यांनी काढली.' मग कागद परत दिला. "दादांना म्हणावं, शुद्धलेखनाची चूक होती, दुरुस्त केलीय. आणि चहा पिऊन जा, उन्हातून आलीयेस."

ते पत्र दादांच्या टेबलावर तीन दिवस होतं. ते उचलायचे, वाचायचे, ठेवायचे. महिनाअखेर जवळ येत होती. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी दार लोटलं, कपाटातून कोरे कागद काढले, आणि मला काढायला बसले. मागे वळणारी मी.

बरीच वर्षं त्यांच्या हाताने फक्त सह्याच केल्या होत्या. तरी माझा शंख छान आला. पाय आला. मग मान. ती वळेना. त्यांनी खोडलं, पुन्हा काढलं. मी त्या कागदावर होते, मला लागत होतं. दुसऱ्या कागदावर माझी मान नळाच्या तोटीसारखी आली. तिसऱ्यावर मोडली.

छोटी आत आली. "बाबा, हे काय काढलंय?"

"गोगलगाय."

"मान मोडलीये हिची."

"मला ती वळवता येत नाही," दादा म्हणाले. "कधीच येत नव्हती." ते तीन कागद त्यांनी पत्रासमोर ओळीने मांडून ठेवले. मग म्हणाले, "ती दुरुस्ती टाइप करून आण. तिने लिहिलीये तशीच. एकही शब्द घालू नकोस."

सही करताना ते कुणाकडेही बघत नव्हते. माझ्याकडेही नाही.

पत्र वेळेत पोचलं. तिला नोकरी लागली. आणि तरीही, खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटत नाही. एक पत्र एका शाळेच्या फायलीत आहे. थिएटरात अजून तीच पाटी येते. दादांनी ते वाक्य बोलणं सोडलंय, पण खरं काय तेही ते बोलत नाहीत. काकांचं कुणी विचारत नाही. चष्मा दुसरीकडे गेला, त्याचं पत्र कुणी मागितलं नाही आणि कुणी दिलंही नाही. म्हणून तुम्हालाच सांगते, मला पाहून भारावून जाऊ नका. जिथे जिथे 'आणि मंडळी' असं दिसेल, तिथे तिथे विचारा, कोण मंडळी? मोठ्याने विचारा, उद्धट वाटलं तरी विचारा. माझ्यासारख्या गोष्टी लोकांच्या सभ्य गप्प बसण्यावर जगतात.

ती फाइल शाळेच्या कार्यालयातल्या कपाटात आहे. पत्राच्या डोक्यावर मी आहे, आणि पातळ भिंतीपलीकडे तिचा वर्ग भरतो. पहिल्याच दिवशी मुलांनी हट्ट धरला.

"बाई, ती गोगलगाय काढून दाखवा ना! मागे बघणारी!"

खडू फळ्याला टेकल्याचा आवाज आला. मी कपाटात जीव मुठीत धरून होते. खडू परत खाली ठेवला गेला.

"ती झाली काढून," मधली म्हणाली. "आता तुम्ही काढा. तुमचं काहीतरी. आणि खाली कोपऱ्यात नाव घाला आपापलं. वाचता येईल असं."

"बाई, नुसतं वर्गाचं नाव घातलं तर?"

"वर्गाला हात असतात का रे?"

मुलं हसली. मग कागद सरकल्याचे आवाज झाले, आणि त्यानंतर बराच वेळ फक्त पेन्सिली चालत होत्या. त्यांतल्या एकाही कागदावर मी नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा, कुठेतरी नसल्याचं मला बरं वाटलं.